दोन घरच्या रिती, एक मांडव

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. एकाच घरचे कार्य म्हटले तरी चार कामे आणि चाळीस मते असतात. मग दोन घरच्या रिती निराळ्या असल्या म्हणजे काय होईल?

पूर्वी सोयरीक जवळपासच्या गावांत होई. बैलगाडीने दिवसभरात जाऊन यावे, एवढेच अंतर. दोन्ही घरची बोली एक, देव एक, ताटातले अन्न एक. आता तसे राहिले नाही. मुले शिकतात, मुली शिकतात. नोकरीसाठी दूर जातात. कोकणातली मुलगी देशावर नांदायला येते. वऱ्हाडातला मुलगा खानदेशचा जावई होतो. जातीबाहेरही लग्ने होतात. अशा वेळी मांडवात दोन घरे भेटतात, तशा दोन रितीही भेटतात.

या भेटीत कधी हसू असते, कधी रुसवा असतो. एवढ्यातेवढ्यावरून जमलेली सोयरीक मोडते. कधी सोयरीक टिकते, पण मनात खडा राहतो. तो खडा मग सुनेला वर्षानुवर्षे टोचतो.

हे टाळता येते. कसे, ते या धड्यात पाहू.

घरोघरच्या रिती

आपल्या महाराष्ट्रात लग्नाच्या रिती किती तऱ्हेच्या आहेत! देवकच घ्या. लग्नाआधी घरात देवक बसवतात. कोणाचे देवक कळंबाची डहाळी, कोणाचे जांभळाची. कोणाचे पंचपालवी, म्हणजे पाच झाडांची पाने. कोणाचे मोरपीस. ज्याच्या त्याच्या कुळाची ती खूण असते.

देशावर पुष्कळ घरांत लग्नानंतर गोंधळ घालतात. संबळ वाजते, दिवटी पेटते. खंडोबाचे घराणे असले तर जागरण होते. ठाणे, पालघरकडे वारली घरांत लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्या चौकात पालघट देवी असते. चौक काढल्याशिवाय तिथे लग्न लागत नाही. रायगड, ठाण्याकडच्या आगरी लोकांत धवलारीण असते. ती लग्नाची गाणी म्हणते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. मांडव घालताना एक धवला, हळद लावताना दुसरा. तिच्या गाण्याबरोबर कार्य पुढे सरकते.

यांतली कोणतीही रीत खोटी नाही. प्रत्येकीमागे कोणाची तरी माया आहे, कोणाच्या तरी आजीची आठवण आहे. म्हणून दुसऱ्याची रीत पाहून हसू नये. आपली रीत म्हणजेच सगळ्या जगाची रीत, असेही समजू नये.

एक बैठक

आता एक उदाहरण घेऊ. ही दोन घरे आम्ही धड्यासाठी कल्पिली आहेत. पण अशी घरे तुमच्याही ओळखीची असतील.

मुलगा पंढरपूरकडचा. घर वारकरी. घरात तीन पिढ्यांची तुळशीची माळ. मांस-मासळी वर्ज्य. मुलगा एस. टी. मध्ये वाहक आहे. नोकरीसाठी पेणला राहतो. मुलगी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली, आगरी घरची. ती अंगणवाडीत मुलांना शिकवते. दोघांची ओळख झाली. मने जुळली. दोन्ही घरांनी आधी नाही म्हटले. मग हो म्हटले. तुळशीचे लग्न झाल्यावर कार्य करायचे ठरले. लग्न मुलीच्या गावी, खर्च निम्मा निम्मा, हेही ठरले. मग दोन्हीकडची मंडळी बैठकीला बसली.

मुलाचे वडील नाहीत. तो नऊ वर्षांचा असताना ते वारले. म्हणून आई आणि मामा आले होते. मुलीकडून आई, वडील, काका आणि म्हातारी आजी होती. मुलगा-मुलगीही बसली होती. गावातले एक निवृत्त गुरुजी मध्ये होते.

बसल्याबसल्या जेवणावरून ठिणगी पडली.

मामा म्हणाले, "मटणाचं नाव काढू नका पाव्हणं. आमची माणसं उठून जातील."

मुलीचे काका म्हणाले, "अन् आमच्यात हळदीला मटण नसलं, तर भावकी पानावर बसायची नाय. वर्षभर बोलतील आम्हाला."

आवाज चढले. गुरुजींनी हात वर केला. म्हणाले, "सगळं एकदम घेतलं तर भांडण होईल. एकेक गोष्ट घेऊ. हळद किती ठिकाणी आहे?"

"दोन ठिकाणी," मुलगी म्हणाली. "त्यांची त्यांच्या गावी, आमची आमच्या गावी."

"मग ज्याच्या घरची हळद, त्याच्या घरचा स्वयंपाक. त्यात दुसऱ्यानं पडू नये. पण लग्नाच्या पंगतीला दोन्हीकडची माणसं एकत्र बसणार. तिथं काय करायचं?"

कोणी बोलेना. मग मुलीचे वडील म्हणाले, "जो खातो, तो एक दिवस साधं जेवू शकतो. जो खात नाही, त्याला आपण कसं खायला लावणार? लग्नाची पंगत साधीच होऊ दे."

मामांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "ताटात तुमची तांदळाची भाकरी पायजे बरं का. अन् आम्ही ज्वारीची आणतो."

जेवणाचा प्रश्न सुटला. कोण हरले? कोणीच नाही. प्रश्नाचे दोन तुकडे केले, म्हणून तो सुटला.

धवले की भजन?

मग गाण्याबजावण्याचा विषय निघाला.

काका म्हणाले, "आमच्यात धवलारणीशिवाय लगीन होत नाय."

मामांनी हा शब्द प्रथमच ऐकला. त्यांना वाटले, ही काही नवी टूम असावी. तेव्हा गुरुजींनी सांगितले, "अहो, ही टूम नव्हे. धवळे हे मराठीतलं फार जुनं लग्नगाणं. महानुभाव पंथातल्या महदंबेनं सातशेहून अधिक वर्षांपूर्वी धवळे रचले. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. तिला मराठीतली पहिली कवयित्री म्हणतात."

मामा वारकरी माणूस. रुक्मिणीचे नाव ऐकले आणि त्यांनी हात जोडले. म्हणाले, "मग तर आमच्याच घरचं गाणं झालं की!"

असे ठरले. वऱ्हाड येईल ते टाळ-मृदंगाच्या गजरात येईल. मुलीला मांडवात आणताना धवलारीण गाईल. मग अंतरपाट धरायचा आणि मंगलाष्टके म्हणायची. हळदीच्या रात्री मुलीकडे बेंजो वाजेल, पण रात्री दहापर्यंतच. दहानंतर कर्णा लावायला कायद्याने बंदी आहेच. गावात म्हातारी माणसे असतात, परीक्षेची मुले असतात. त्यांचाही विचार हवा.

देवक ज्याने त्याने आपल्या घरी बसवायचे. गोंधळ मुलाच्या गावी, लग्नानंतर. त्यावर वाद झालाच नाही.

मांडव उठल्यावर काय?

एवढे झाले, पण मुलीच्या आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती हळूच म्हणाली, "विहीणबाई, एक विचारू का? पोर खाडीकाठी वाढली. मासळीशिवाय तिला घास गोड लागत नाय. तुमच्याकडं आल्यावर तिला माळ घालायला लावाल काय?"

हा प्रश्न लग्नाच्या दिवसाचा नव्हता. पुढच्या सगळ्या आयुष्याचा होता. पुष्कळ घरांत तो कोणी विचारत नाही. लग्न होते. मग चुलीपाशी भांडण सुरू होते.

मुलाची आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माळ कुणी कुणाला घालायची नसती, बाई. ज्याची त्यानं मनानं घ्यायची असती. माझ्या चुलीवर मासळी शिजायची न्हाई, हे मी आजच सांगते. पण ती पेणला राहणार, तिचं घर येगळं. तिथं काय शिजवायचं ते त्या दोघांनी ठरवावं. माहेरी आली की पोटभर खावं. मी विचारणार न्हाई."

मुलगा म्हणाला, "मी माळकरी आहे. मी खाणार नाही. पण तिच्या ताटावर माझा हुकूम चालायचा नाही."

मुलगी म्हणाली, "आई, तुमच्या घरात असेन तेव्हा मी तुमच्यासारखी राहीन."

किती सोपे बोलणे! पण ते आधी झाले, म्हणून सोपे. दोन घरच्या रिती मांडवात एक दिवस जुळवल्या आणि घरात जुळवल्या नाहीत, तर काय उपयोग? म्हणून खाणे-पिणे, उपास-तापास, सणाला कोणाच्या घरी जायचे, सुनेने नोकरी करायची की नाही, हे सगळे मांडवाआधीच बोलावे.

बोट थांबले

पूर्वी सोयरीक ठरली की याद करीत. याद म्हणजे ठरलेल्या गोष्टींची यादी. बहुधा तिच्यात देण्याघेण्याचाच हिशेब असे. लिहिणारा एक, वाचणारा एक, बाकीचे नुसते मान हलवणारे. गुरुजींनीही याद लिहिली. पण ती प्रत्येकाच्या हातात दिली. म्हणाले, "ज्याला वाचता येतं, त्यानं स्वतः वाचावं. ज्याला येत नाही, त्याला शेजारच्यानं वाचून दाखवावं. मग सह्या करू."

मुलाची आई दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली होती. ती ओळीखाली बोट धरून सावकाश वाचू लागली. जेवण. गाणी. वऱ्हाडाची गाडी. आणि मग एका ओळीवर बोट थांबले.

ओळ अशी होती : "हळद : दोन्ही घरी पाच सवाष्णींनी लावावी."

या ओळीवर बैठकीत एक शब्दही निघाला नव्हता. वाद नव्हता, म्हणून बोलणे नव्हते. दोन्ही घरची रीत इथे एकच होती.

मुलीने विचारले, "आई, काय झालं?"

"काही न्हाई गं. बरोबर लिहिलंय. रीतच हाय तशी. मी लांबून बघंन."

सगळे गप्प झाले. नवरा गेल्यावर याच बाईने दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली. मुलाला शिकवले. आज त्याच्या अंगाला हळद लागणार, तर तिने लांब उभे राहायचे?

मुलगी म्हणाली, "लांबून का? यांची उष्टी हळद मला लागणार. ती तुमच्या हातची नको का?"

मामा अडखळत म्हणाले, "पोरी, तुझं खरं हाय. पण लोक म्हंतील, अपशकुन..."

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली आजी बोलली. तिला वैधव्य येऊन तीस वर्षे झाली होती. "माझ्या तीन पोरांची लग्नं झाली. तिन्ही वेळा मी चुलीपाशी बसले. मला कुणी हाकलली नव्हती. मीच मांडवात आले नाय. म्हटलं, आपल्या सावलीनं पोराचं वाईट नको व्हायला. आईची सावली पोराला कधी वाईट असते काय? ते मला कळायला तीस वर्षं लागली. आता ही बाई तरी पुढं होऊ दे."

गुरुजींनी ती ओळ खोडली. खाली नवी ओळ लिहिली : "मुलाला पहिली हळद त्याची आई लावील. मुलीला पहिली हळद तिची आजी लावील."

मामांनी यादीवर पहिली सही केली.

यातून काय शिकायचे?

या बैठकीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जिथे दोन रिती निराळ्या होत्या, तिथे वाद झाला. वाद झाला म्हणून विचार झाला, आणि वाट निघाली. पण जिथे दोन्ही रिती सारख्या होत्या, तिथे कोणी विचारच केला नाही. आणि खरा अन्याय तिथेच होता.

म्हणजे दोन घरांचे एकमत झाले, एवढ्यावरून रीत चांगली ठरत नाही. त्या रितीने कोणाच्या डोळ्यांत पाणी येते का, हेही पाहावे लागते.

कोणी म्हणेल, "वाडवडिलांची रीत आपण कोण बदलणार?" पण रिती नेहमीच बदलत आल्या आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्ने ही एके काळी रीतच होती. ती आपण टाकली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिले सत्यशोधक लग्न झाले. हुंडा नाही, भटजी नाही, खर्च थोडा. जोतीरावांनी मंगलाष्टकेही मराठीत रचली. का? तर नवरा-नवरीला आपण काय वचन देतो, ते कळावे म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर लाखो घरांत त्रिसरण-पंचशील म्हणून साधी लग्ने होऊ लागली.

अलीकडचे उदाहरण हेरवाडचे. हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात आहे. नवरा वारला की बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करायच्या, असा ठराव तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढले आणि इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. एका गावाला जमले, ते आपल्याला का जमू नये?

रितींचे चार वाटे

बाई सुपात धान्य घेते आणि पाखडते. दाणा राहतो, फोलपट उडते. तसे लग्नाआधी रितींचे करावे. दोन्ही घरच्या रिती लिहून काढाव्या. मग त्यांचे चार वाटे करावे.

पहिला वाटा : आपापल्या घरी करायच्या रिती. देवक, कुलदैवताची पूजा, गोंधळ, जागरण. यांत दुसऱ्या घराने लुडबूड करू नये. बोलावले तर आनंदाने जावे.

दुसरा वाटा : दोघांनी मिळून करायच्या रिती. गाणी, अक्षता, वचने, पंगत. इथे थोडे त्यांचे, थोडे आपले घ्यावे. मांडवात जे होईल, ते दोन्हीकडच्या माणसांना समजावून सांगावे. नाहीतर एक बाजू भक्तीने हात जोडते आणि दुसरी जांभया देते.

तिसरा वाटा : एकाने सोडायच्या रिती. काही गोष्टी जुळतच नाहीत. तिथे एकाने माघार घ्यावी. पण दर वेळी मुलीकडच्यांनीच माघार घ्यायची, हे बरे नव्हे. एकदा त्यांनी, एकदा आपण.

चौथा वाटा : दोघांनीही टाकायच्या रिती. हुंडा टाकावा. मानपानाचे रुसवेफुगवे टाकावे. विधवा बाईला दूर ठेवणे टाकावे. दारू टाकावी. कर्ज काढून थाट करणे टाकावे.

वाटे करताना तीन प्रश्न विचारावे. या रितीने कोणाचा अपमान होतो का? या रितीसाठी कर्ज काढावे लागते का? ही रीत कोणाच्या जिवाभावाची आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर "हो" आले, तर रीत टाकावी. तिसऱ्याचे उत्तर तेवढे "हो" असेल, तर ती जपावी, मग ती आपल्याला कितीही नवखी वाटो.

आणखी एक सांगतो. दोन घरच्या रिती मिळवायच्या म्हणजे दोन घरचे खर्च मिळवायचे नव्हेत. तुमचे पाच पदार्थ आणि आमचे पाच पदार्थ, असे दहा करू नका. तुमचे दोन, आमचे दोन करा. रीत दोन्हीकडची, पण खर्च एका लग्नाचा. लग्न एक दिवसाचे असते, सावकाराचा तगादा वर्षाचा असतो.

कायदा काय सांगतो?

कोणाच्या रितीने लग्न लावले तर ते खरे, असा वाद पुष्कळदा होतो. कायद्याने तो सोडवला आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. तो म्हणतो, वर किंवा वधू, दोघांपैकी कोणाच्याही घरच्या चालत आलेल्या रितीने लग्न लावता येते. म्हणजे मुलाकडचीच रीत हवी, असे कायदा म्हणत नाही. त्या रितीत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडले की लग्न पुरे झाले.

पण ठरलेला विधी झालाच पाहिजे. नुसता कागद करून हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट सांगितले आहे. म्हणून गाणी, जेवण, वरात यांच्या गडबडीत मुख्य विधी राहून जाऊ देऊ नका.

दोघांचे धर्म निराळे असले तर? त्यासाठी १९५४ सालचा विशेष विवाह कायदा आहे. त्यात कोणालाही धर्म सोडावा लागत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यायची. तीस दिवस थांबायचे. मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होते.

मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पुरी हवीत. कोणतीही रीत याच्या आड येऊ शकत नाही.

हुंडा देणे, घेणे आणि मागणे, तिन्ही गुन्हे आहेत. हा कायदा १९६१ सालचा. "आमच्याकडे रीतच आहे," असे सांगून सुटका होत नाही. कोणी न मागता प्रेमाने आहेर दिला तर चालतो. पण त्याची यादी करावी, असा नियम आहे. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कोणी, त्याचे नाते काय, हे तीत लिहायचे. नवरा-नवरी दोघांनी तिच्यावर सही करायची. ज्याला सही येत नाही, त्याचा अंगठा चालतो. पण आता तुम्हाला सही येते. तुमच्या घरच्या कार्यात अंगठ्याची गरज पडू देऊ नका.

लग्न झाले की त्याची नोंद करावी. खेडेगावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. वयाचे आणि राहण्याचे दाखले न्यावे, लग्नपत्रिका न्यावी, तीन साक्षीदार न्यावे. नोंदीचा दाखला मिळतो. तो जपून ठेवावा. पुढे शिधापत्रिका, बँक, वारसा, सगळीकडे तो उपयोगी पडतो. उशीर केला तर जास्त फी पडते. म्हणून हळद उतरण्याआधीच हे काम उरकावे.

लक्षात ठेवा

१. दोन्ही घरच्या रिती आधी लिहून काढा. मग चार वाटे करा.
२. जिथे वाद आहे, तिथे प्रश्नाचे तुकडे करा. तुकडे सुटतात.
३. जिथे वाद नाही, तिथेही एकदा थांबून विचार करा.
४. जे ठरले ते लिहा. सगळ्यांनी वाचा. मगच सह्या करा.
५. लग्नानंतर कसे राहायचे, ते लग्नाआधी बोला. नवरा-नवरीलाही बोलू द्या.
६. आहेराची यादी करा. लग्नाची नोंद करा.

शब्दांचे अर्थ

सोयरीक : लग्नाने जुळलेले नाते.
याद : बैठकीत ठरलेल्या गोष्टींची लेखी यादी.
देवक : लग्नकार्यात पुजली जाणारी कुळाची खूण.
धवलारीण : लग्नात धवले गाणारी बाई.
उष्टी हळद : नवऱ्याला लावून उरलेली, नवरीसाठी पाठवलेली हळद.
सवाष्ण : जिचा नवरा हयात आहे अशी बाई.
परिपत्रक : सरकारी कचेरीकडून सगळीकडे जाणारे सूचनेचे पत्र.

वर्गात चर्चा करा

१. तुमच्या घरी लग्नात कोणत्या रिती आहेत? शेजारच्या घरी कोणत्या निराळ्या आहेत?
२. मुलाच्या आईने यादी स्वतः वाचली नसती, तर काय झाले असते?
३. आजी तीन मुलांच्या लग्नात मांडवात का आली नाही? तिला कोणी अडवले होते का?
४. तुमच्या गावात विधवा बाईला लग्नात कसे वागवतात? त्यात काय बदलावे?
५. तुमच्या घरी पुढे होणाऱ्या लग्नाची याद वहीत लिहून काढा. ती घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. कोणाचे बोट कुठे थांबते, ते पाहा. तिथे थांबून त्या माणसाला विचारा.